मनाली ते लेह सायकलने: दोघांनी जाताना मुक्काम कोठे करावेत?

भीमाकाठ:

मी आणि माझे पती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मनालीहून लेहपर्यंत सायकलने जाण्याचा बेत आखत आहोत. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. वरंध, ताम्हिणी, आंबेनळी हे घाट आम्ही सामानासह नियमित चढतो, त्यामुळे चढणीची धास्ती नाही. चिंता आहे ती उंचीची. आपल्याकडचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आणि या रस्त्यावरची तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५३२८ मीटर, तेव्हा येथे कितीही सराव केला तरी तेथील विरळ हवेची सवय होणार नाही, हे आम्ही जाणतो. एका सहल आयोजकाने पाठविलेल्या कार्यक्रमात जिस्पानंतरचा मुक्काम थेट सरचूला आहे. तो योग्य आहे का, की विमानाने लेहला जाऊन उलट दिशेने यावे? सोबत गाडी न घेता तंबू आणि स्टोव्ह नेण्याची इच्छा आहे. माझा वेग पतींपेक्षा कमी आहे. दोघांनी एकत्र चालण्याबाबतही अनुभवी मंडळींनी सांगावे.

खिंडवाट:

ताई, जिस्पाहून थेट सरचू करू नका. जिस्पा साधारण ३२०० मीटरवर, सरचू ४३०० च्या आसपास आणि मध्ये बारालाचा ला सुमारे ४८९० मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा रूढ नियम आहे. तो कार्यक्रम हा नियम एका दिवसात दुपटीने मोडतो. दिवसा खिंड किती उंच चढलात यापेक्षा रात्री कोठे झोपलात याला या रस्त्यावर अधिक महत्त्व आहे.

या नियमाकडे मी एवढ्या आग्रहाने का पाहतो, ते रस्त्याच्या रचनेवरून ध्यानात येईल. त्रास झाला तर खाली उतरा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु सरचू आणि पांग या दोन्ही मुक्कामांना चहूकडून खिंडींनी वेढले आहे. सरचूहून मनालीकडे परतायचे तर बारालाचा पुन्हा चढावा लागतो. पांगहून लेहकडे जायचे तर तांगलांग ला आणि माघारी फिरायचे तर लाचुंग ला, म्हणजे पुन्हा पाच हजार मीटरच्या वर. उतरण्यासाठी आधी चढावे लागते, अशी ही जागा आहे. म्हणून आजारी पडल्यावर काय करायचे यापेक्षा आजारी पडू नये यासाठी हाताशी दिवस राखून ठेवणे हाच खरा उपाय आहे.

रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला असला तरी तुम्ही रोहतांगवरूनच जा. ३९७८ मीटरपर्यंत चढून पलीकडे कोकसरला झोपायला उतरणे शरीराला फार उपकारक ठरते. पुढे केलांग, मग जिस्पाला एक पूर्ण दिवस थांबा. तेथून पात्सेओ, मग झिंगझिंगबार, आणि त्यानंतर बारालाचा ओलांडून सरचू. सरचूनंतर गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून नाकी ला येते; तेथून पांगपर्यंतचा पल्ला एका दिवसात रेटू नका, शरीर ठीक असेल तर नाकी ला आणि लाचुंग ला यांच्या मधल्या व्हिस्की नाल्यावर तंबू टाका. हंगामात तेथे पॅराशूटच्या कापडाचे ढाबे असतात, वरणभात आणि आम्लेट मिळते, आणि बाहेर वारा सुटलेला असताना त्या पांढऱ्या कापडाखाली चहाचा पेला हातात धरून बसण्याइतके सुख त्या रस्त्यावर दुसरे नाही.

नाल्यांबद्दल एक सांगतो. हे पाणी बर्फ वितळून येते, त्यामुळे सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जाते. पात्सेओच्या पुढचे नाले सकाळीच पार करा. आधी पिशव्या पलीकडे नेऊन ठेवाव्यात, मग दोघांनी मिळून एकेक सायकल न्यावी, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरावी. पायांत जुने सँडल असू द्यात. त्या पाण्यात अनवाणी पायांची जाणीव काही क्षणांतच जाते आणि खालचे गोटे हलतात.

वैद्य_नाशिक:

मी डॉक्टर आहे आणि वरील नियोजनाशी पूर्ण सहमत आहे. ५३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तंदुरुस्ती उत्तम असलेल्या माणसालाही त्यापासून सूट मिळत नाही, किंबहुना जोमदार माणसे वेगाने वर जातात म्हणून अधिक सापडतात. तुमच्या पतींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. वय पाहता दोघांनीही निघण्यापूर्वी रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्यावी. अॅसिटाझोलामाइड हे औषध उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते, पण सल्फाची अॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळू नयेत. झोपेच्या गोळ्या आणि मद्य टाळावे.

दोघे जाण्याचा सर्वांत मोठा लाभ हा की प्रत्येकाला पाहणारे दुसरे माणूस असते. मेंदूला सूज येऊ लागली की रुग्णाला स्वतःचे कळत नाही. तो चिडतो, हट्ट करतो, थांबायला नकार देतो. रोज संध्याकाळी एकमेकांना सरळ रेषेत, टाचेला पायाचा अंगठा लावून दहा पावले चालायला लावा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर रात्र असली तरी जाणारा ट्रक थांबवून खाली न्यावे. पांगला लष्कराचा तळ आहे, तेथे मदत मागता येते.

दख्खनी_चाक:

उलट दिशेचा मुद्दा राहिला. लेह ३५०० मीटरवर आहे. विमानाने तेथे उतरणे म्हणजे पहिल्याच दिवशी मोठी उडी घेणे, पण तीन-चार दिवस शांतपणे राहिलात तर तेथे रुग्णालय जवळ असते, हा फायदा आहे. तरीही लेहच्या पुढचे उपशी गाव सोडल्यावर दोन-तीन दिवसांतच तांगलांग ला ओलांडून ४६०० मीटरच्या आसपास झोपावे लागते. दोघांचा वेग वेगळा असताना मी मनालीकडूनच जाईन.

वेगाविषयी माझे मत ठाम आहे. चढावर तुम्ही पुढे आणि पती मागे, हा क्रम शेवटपर्यंत ठेवा. वेगवान माणूस वळणावर वाट पाहत बसला की त्याला विश्रांती मिळते आणि मागून येणारी पोहोचताच तो उठतो. अशाने दमलेलीच अधिक दमते. तंबू, स्टोव्ह, अवजारे हे जड सामान त्यांच्या सायकलवर द्या. दोन्ही सायकलींचे टायर, ट्यूब, ब्रेकपॅड एकाच मापाचे घेतलेत तर सुटे भाग निम्मे लागतात. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. पण जिस्पानंतरच्या दारचा गावापुढे बराच काळ संपर्क नसेल हे घरी सांगून ठेवा.

भीमाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आयोजकाचा कार्यक्रम बाजूला ठेवला असून पात्सेओ, झिंगझिंगबार आणि व्हिस्की नाला हे मुक्काम धरून नवा आराखडा केला आहे. पुढे राहण्याचा क्रम पतींनीही मान्य केला. एक शंका उरते: मोरे मैदानात पाणी मिळते का?

खिंडवाट:

भरवसा ठेवू नका. पांगहून आधी चढ आहे आणि मग सुमारे चाळीस किलोमीटर सपाट मैदान. दुपारी समोरून वारा आला तर हे अंतर दिवस खाते. पांगलाच दोघांत मिळून आठ लिटर पाणी भरून पहाटे निघा, म्हणजे तांगलांग लाच्या अलीकडच्या डेब्रिंगपर्यंत पुरेल.