बीएस्सीला आधी गोट्या सोडा, मग लाग्रांज शिकवा: पटतंय का?

मूळ पोस्ट (विश्रामबाग, सांगली)
मी बीएस्सीला मेकॅनिक्स शिकवतो. पोरं लाग्रांजचं समीकरण (ऊर्जेवरून वस्तूची गती काढायचं) झटक्यात लिहितात, पण ते आलं कुठून विचारलं की माना खाली. माझं ठाम मत आहे, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, म्हणजे सगळ्या शक्य वाटांतून हवी ती वाट निवडायचं गणित, आधी शिकवावं.

परवा वर्गात प्लायवर दोन पन्हळी ठोकल्या. उंची ६० सेंमी, आडवं अंतर ९४. एक सरळ, दुसरी ३० सेंमी त्रिज्येचं चाक फिरवून त्याच्या कडेवरच्या बिंदूनं आखलेली वक्र वाट, म्हणजे सायक्लॉइड. "सर, सरळ वाट जवळची," म्हणत सगळ्यांनी तिच्यावरच पैज लावली. जिंकली सायक्लॉइडवरची गोटी! घर्षण सोडलं तर सरळ वाटेला सुमारे १८ टक्के वेळ जास्त लागतो, कारण सायक्लॉइडच्या सुरुवातीच्या खड्या उतारावर कमावलेला वेग पुढं सपाटीला कामी येतो. योहान बेर्नुलीनं १६९६ मध्ये 'सगळ्यांत कमी वेळाची वाट कुठली' हेच कोडं युरोपातल्या गणितज्ञांना घातलं होतं. इथं एखादा बिंदू शोधायचा नसतो, अख्खी वाट शोधायची असते. गतीतही तसंच: 'क्रिया' (गतिज वजा स्थितिज ऊर्जेची वेळेवरची बेरीज) किमान करणारी वाट शोधायची, या तत्त्वातून लाग्रांजचं समीकरण निघतं. हे एकदा कळलं की लाग्रांज पाठ करावा लागत नाही.

कुपवाड एमआयडीसीतून
सर, नाही पटत. आमच्याकडं मुलाखतीला आलेल्या पोराला उतारावरच्या ठोकळ्याचं घर्षणबल कुठल्या दिशेला दाखवायचं ते आलं नाही. आधी फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) पक्का करून घ्या. शिवाय घर्षण आलं की तुमचं तत्त्व अडतं.

मूळ लेखक
घर्षणाचं मान्य, ते बल समीकरणात वेगळं घालावं लागतं. पण ब्रॅकेटचा ताण तपासायला तुम्ही फायनाइट एलिमेंटचं सॉफ्टवेअर (वस्तूचे लहान तुकडे पाडून हिशेब करणारं) वापरताच ना? एकूण स्थितिज ऊर्जा किमान करायची, हाच त्याचा पाया. भौतिकशास्त्रज्ञ रिट्झनं १९०९ मध्ये दाखवलेली वाट तीच. ते माहीत नसलेला पोरगा पडद्यावरचे रंग बघून मान डोलावतो.

साताऱ्याहून
मला खटकतो तो 'किमान' हा शब्द. ब्रॅकेटला तो चालतो, गतीला नेहमी चालत नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त वेळ पाहिलं तर खऱ्या वाटेवर क्रिया किमान नसते. वाट किंचित बदलली तर क्रियेतला पहिल्या पायरीचा (बदलाच्या थेट प्रमाणातला) फरक शून्य येतो, इतकंच. खिंडीत उभं राहिल्यासारखं आहे हे: पुढंमागं उतार, दोन्ही बाजूंना चढ. 'निसर्ग काटकसर करतो' हे एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही.

मूळ लेखक
अगदी बरोबर. फळ्यावर 'किमान' मीच लिहिलंय. सोमवारी पुसून 'स्थिर' (म्हणजे पहिल्या पायरीचा फरक शून्य) लिहितो.

कुपवाड एमआयडीसीतून
पत्र्याची पक्की पन्हळ मी वाकवून देतो, आखणी पाठवा. पण आधी फ्री बॉडी डायग्राम, यावर मी कायम आहे.