भयकथेत नाती हवीतच का?

तिन्हीसांजा:
परवा 'द मंकीज पॉ' पुन्हा वाचली. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ सालची. माकडाचा वाळका पंजा, तीन इच्छा. म्हातारा २०० पौंड मागतो. मिळतात, पण मुलगा कामावर यंत्रात सापडून मेला त्याची भरपाई म्हणून. मग आई हट्ट धरते, त्याला परत माग. रात्री दारावर थाप पडते. आई धावते. साखळी निघते, खालची कडी निघते, वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून ती खुर्ची ओढते. इकडे बाप अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतोय. बाहेर कोण आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो त्या खुर्चीच्या आवाजाने. दाराआड कुणा परक्याचं मढं असतं, तर कडी काढायला कोण धावलं असतं? नातं नसेल तर भूत म्हणजे नुसतं बुजगावणं.

बांधावरचा:
साफ नामंजूर. ब्लॅकवुडची 'द विलोज' (१९०७) वाचा. डॅन्यूब नदीतलं बेट, होडीतून आलेले दोघे आणि वाळुंजाची झुडपं. आई नाही, बायको नाही. झुडपं रात्रीतून तंबूजवळ सरकल्यासारखी वाटतात, बस्स. हल्ली प्रत्येक भुतामागे छळलेली सून आणि विहीर असते. कारण कळलं की भुताची कीव येते, भीती संपते. शेवटची वीस पानं तर समुपदेशनच चालतं.

मुंजोबा:
सून-विहिरीबद्दल एकदम सहमत. पण आपल्या भुतांची नावं बघा की. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा. घरात काय अर्धवट राहिलं त्यावरून भुताची जात ठरते! आजी रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ द्यायची नाही. म्हणायची, हाकामारी घरच्यांच्या आवाजात बोलावते.

तिन्हीसांजा:
@बांधावरचा, 'विलोज'मध्ये सकाळी वल्हं गायब असतं आणि होडीच्या तळाला चीर. निवेदकाला पहिला संशय कोणाचा येतो? सोबत्याचा. याचंच डोकं फिरलं असेल म्हणून. बेटावर माणसं दोनच, हे लक्षात घ्या.

बांधावरचा:
तो संशय टिकतो किती? सोबती शहाणा निघतो, आणि त्यानेच केलं असतं तर बरं झालं असतं असं आपल्याला वाटायला लागतं. खरी भीती तिथून पुढे. हाकामारीचं मानलं, पण चकव्याचं काय? रोजची पायाखालची वाट, आणि रात्री त्याच बांधाला पाच फेऱ्या. तिथे कोण कोणाचं?

मुंजोबा:
आमच्या काकांना लागला होता चकवा. पहाटे घरी पोचले ते काकूच्या नावाने ओरडतच, "मघापासून कंदील हलवत होतीस, मग पुढे का आली नाहीस?"
काकू चार दिवसांपासून माहेरी होती.

बांधावरचा:
काकांनी त्या रात्री किती घेतली होती तेही लिहा.