काल सबटायटल्स मध्येच कोणी बंद केले?

बी-३०२ : काल क्लबहाऊसमध्ये 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' चालू असताना सबटायटल्स मध्येच कोणी बंद केले? माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. उठून घरी आली ती.

सेक्रेटरी : ताई, पट्टी डोळ्यांत येते अशी दोन-तीन सभासदांची तक्रार आली, म्हणून. गैरसमज नसावा 🙏

बी-३०२ : तिला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न तोच आहे. कोणी बंद केले?

ए-१०४ : मला तर निवडच पटली नाही. लग्नावरचा विनोदी सिनेमा म्हणालात. सुरुवात शिव्यांनी, वर ते दोन पुरुष. घरात मुलं आहेत. पुढच्या वेळी यादी आधी टाका.

डी-२०५ : काका, तुम्ही पहिल्याच लग्नात घोरत होतात 😄

ए-१०४ : मागच्या सर्वसाधारण सभेतही तुम्ही असंच केलंत. वयाचा मान ठेवा.

ए-३०३ : त्या दोन पुरुषांबद्दल मी बोलते. गॅरेथ अचानक जातो आणि चर्चमध्ये मॅथ्यू ऑडनची कविता म्हणतो. माझे हे गेल्यावर चारचौघांत मी कधी रडले नव्हते, काल रडले. नंतर त्यांचा मित्र चार्ल्स, सिनेमाचा नायक, म्हणतो, आपण सगळे बिनलग्नाचे म्हणून मिरवत होतो, पण आपल्यातल्या दोघांचं लग्न झाल्यासारखंच होतं हे दिसलंच नाही. काका, एवढ्या लग्नांत खरा संसार त्यांचाच होता.

सी-६०१ : आणि काकू, त्यांना तेव्हा कायद्यानं लग्न करताच येत नव्हतं. सिनेमा १९९४ चा, इंग्लंडमध्ये परवानगी २०१४ ला मिळाली. हे त्यांनी छानच दाखवलं. पण बाकी मित्रमंडळी सगळी गोरी? १९९१ च्या जनगणनेत लंडनचा साधारण पाचवा हिस्सा गोरा नव्हता. एक मित्रही त्यातला नाही, हे मला खटकतंच.

ए-१०४ : विनोदी सिनेमात माणसं मोजायची असतात का?

सी-६०१ : जे कधीच दिसत नाहीत ते मोजतात, काका.

डी-२०५ : लिफ्ट परत बंद आहे का?

सेक्रेटरी : तो विषय मेंटेनन्स ग्रुपवर. कृपया.

बी-३०२ : सबटायटल्स कोणी बंद केले?

बी-४०१ : ताई, भावना समजतात. पण एकीसाठी सगळ्यांनी दोन तास पट्टी बघायची का? राग नसावा.

बी-३०२ : राग आहेच. चार्ल्सचा भाऊ डेव्हिड कर्णबधिर आहे आणि ते काम करणारे डेव्हिड बोवर स्वतः कर्णबधिर आहेत. 'कोशिश'मध्ये संजीव कुमार आणि जया भादुरींनी सुंदर काम केलं, पण दोघांना ऐकू येत होतं. इथे मुलीला तिच्यासारखा माणूस दिसला. बिचारा नाही. भावाशी खुणांनी थट्टा करणारा, आणि सरीना त्याच्याशी बोलता यावं म्हणून खुणा शिकते. शेवटच्या, म्हणजे चार्ल्सच्याच लग्नात पाद्री विचारतात, कोणाची हरकत आहे का? डेव्हिड पुढे होतो. तो खुणांनी बोलतो आणि चार्ल्सला स्वतःच्याच मनातली गोष्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावी लागते. अख्खं चर्च त्याच्या हातांकडे बघत असतं! त्याची ब्रिटिश सांकेतिक भाषा, हिची भारतीय. हिला वाचूनच कळणार. नेमकी तेव्हाच पट्टी गेली.

ए-३०३ : अगं, मला हे ठाऊकच नव्हतं. पट्टी नको असेल त्यांनी मागे बसावं.

बी-४०१ : मी एकट्यानं नव्हतं सांगितलं.

सेक्रेटरी : शनिवारी शेवटची वीस मिनिटं पुन्हा लावू, सबटायटल्ससकट. चालेल ना ताई?

ए-१०४ : अक्षरं जरा लहान ठेवा.

बी-३०२ : वीस मिनिटं नकोत. पहिल्या लग्नापासून लावा.