जानेवारीअखेर बॉस्टन : साठी उलटलेल्या दोघांनी थंडीत काय सांभाळावे?

माहुलीकाठ (सातारा) यांचा प्रश्न :

नमस्कार. माझी मुलगी बॉस्टनला लागून असलेल्या सोमरव्हिल या गावात राहते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचे बाळंतपण असल्याने मी (वय ६६) आणि माझी पत्नी (वय ६२) २० जानेवारीला तेथे पोहोचत आहोत. बाळ घरी आल्यावर बाहेर पडायला सवड मिळणार नाही आणि तशी इच्छाही नसेल. त्यामुळे शहर पाहायचे तर ते पहिल्या दहा-बारा दिवसांतच. आमचा थंडीचा अनुभव म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर गोठलेले दव पाहिले, एवढाच. गरम कपडे येथून न्यावेत की तेथे घ्यावेत, या वयात बर्फात पायी फिरण्याचे धाडस करावे का आणि अशा दिवसांत पाहण्यासारखे काही उरते का, हे जाणकारांनी सांगावे. पत्नी जन्मभर साडीच नेसत आली आहे, तिचे काय करावे हाही प्रश्न आहे. मुलगी म्हणते, 'घरातच बसा.' तेवढ्यासाठी इतक्या दूर जाणे मनाला पटत नाही.

चार्ल्सकाठ यांचे उत्तर :

घरात बसू नका, अवश्य फिरा. मी येथे सतरा हिवाळे काढले आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे येथे नुसत्या थंडीपेक्षा वारा, ओले पाय आणि पायवाटेवरचा निसरडा बर्फ यांनीच पाहुण्यांचे अधिक हाल होतात. जानेवारीत दिवसाचे तापमान साधारणपणे शून्याच्या दोन-तीन अंश वर आणि रात्रीचे उणे पाचच्या आसपास असते. अंगावर नीट कपडे असतील तर ते सोसवते. क्वचित एखादी लाट फार कडक येते : ४ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी येथे उणे २३ अंश नोंदले गेले होते. अशा दिवशी मात्र मुलीचे ऐका. हवामानाच्या बातम्यांत तापमानाशेजारी 'विंड चिल' म्हणून दुसरा आकडा देतात. वाऱ्यामुळे उघड्या कातडीला जाणवणारा गारठा त्यातून कळतो आणि बाहेर पडायचे की नाही हे त्यावरूनच ठरवावे. हा आकडा उणे २८ च्या जवळ गेला की उघडे कान-नाक अर्ध्या तासात हिमदंशाने बाधू शकतात. आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणून ३२ म्हणजे आपले शून्य आणि १४ म्हणजे उणे दहा, एवढे ध्यानात ठेवले तरी काम भागते.

आपल्याकडून येणाऱ्यांची एक समजूत हमखास चुकते. लख्ख ऊन पडले म्हणजे आज थंडी कमी, असे त्यांना वाटते. येथे बहुधा उलटे घडते. मोठी वादळे किनाऱ्याजवळून सरकत जातात आणि त्या वेळी वारा अटलांटिकवरून ईशान्येकडून येतो, म्हणूनच त्यांना 'नॉर्ईस्टर' म्हणतात. बर्फ पडत असताना आकाश ढगाळ असते आणि तापमान शून्याच्या आसपास राहते. वादळ पुढे गेले की वारा वायव्येकडून सुटतो, आकाश निळेभोर होते आणि खरा कडाका तेव्हा सुरू होतो. त्यातच दुपारच्या उन्हाने थोडे वितळलेले पाणी रात्री गोठते आणि पहाटे फरशीवर काचेसारखा पातळ थर तयार होतो. त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात. नुसती ओल आहे असे वाटते आणि पाय जातो. म्हणून सकाळी दहाच्या आत बाहेर पडू नये. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे फिरण्यासाठी दहा ते चार हीच वेळ धरून चालावे.

कपड्यांपैकी अंगाला चिकटून बसणारे थर्मलचे दोन-दोन जोड आणि लोकरी स्वेटर तिकडून आणा. वारा अडवणारे मांडीपर्यंतचे जाकीट आणि बूट मात्र येथेच, पायात घालून पाहून घ्या. हिवाळी कपड्यांच्या किमती जानेवारीत उतरतात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यांवर व पादत्राणांवर विक्रीकर नाही. बूट पाणी आत न शिरणारे, जाड रबरी तळाचे आणि जाड लोकरी मोजा मावेल इतके सैल असावेत, कारण घट्ट बुटात पाय अधिक गारठतो. सुती मोजे घालू नयेत; ते ओले झाले की वाळत नाहीत. रस्त्याच्या कोपऱ्यावर, पायवाट संपते तेथे, बर्फाचा राखाडी राडा साचलेला असतो. वरून तो घट्ट दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत बर्फाळ पाणी लागते. माझ्या वडिलांचा पहिला दिवस असाच फुकट गेला होता. तेव्हापासून पाहुण्यांसोबत निघताना मी पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड ठेवतो.

पाहण्याच्या बाबतीत आपले नशीब चांगले आहे. ग्रीन लाइन ही शहरातील लोकल रेल्वे २०२२ साली सोमरव्हिलपर्यंत आली आणि तिच्या 'ई' शाखेने गाडी न बदलता कितीतरी ठिकाणी जाता येते. कॉप्लीला उतरल्यावर समोरच बॉस्टन पब्लिक लायब्ररीची १८९५ ची इमारत आहे. प्रवेश विनामूल्य आहे. बेट्स हॉल या वाचनालयात उंच कमानदार छताखाली हिरव्या दिव्यांच्या उजेडात बाहेर बर्फ पडत असताना तासभर बसून पाहा. पुढे सिम्फनी स्थानकाजवळ 'मॅपेरियम' आहे : रंगीत काचेचा तीन मजली पृथ्वीगोल, ज्याच्या पोटातून आपण पुलावरून चालत जातो. तो १९३५ सालचा असल्याने त्यावर फाळणीपूर्वीचा हिंदुस्थान दिसतो. आणखी पुढे म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९१७ पासून अखेरपर्यंत तेथे काम केले आणि भारतीय कलेचा संग्रह नावारूपाला आणला.

एकच ठिकाण पाहायचे झाले तर मी त्याच्या जवळच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाचे नाव घेईन. बाहेरून आत आले की आधी चष्म्यावर वाफ धरते. ती पुसून पाहावे तर काचेच्या छताखालच्या चौकात हिरवीगार झाडे आणि ओल्या मातीचा वास. बाहेर सगळे रंग गोठलेले असताना हे दृश्य डोळ्यांना जे सुख देते ते उन्हाळ्यात येणाऱ्याला मिळत नाही. १८ मार्च १९९० च्या रात्री येथून १३ कलाकृती चोरीला गेल्या आणि त्या आजवर सापडलेल्या नाहीत. रेम्ब्रांटच्या चित्राची रिकामी चौकट अजून भिंतीवर आहे. निघण्यापूर्वी सुट्टीचा वार तेवढा तपासून घ्या.

फ्रीडम ट्रेल या ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या पायवाटेची लाल विटांची रेघ बर्फाखाली दिसेनाशी होते आणि बीकन हिलचे उतार या दिवसांत आपल्या वयाला योग्य नाहीत. चार्ल्स नदी पुलावरूनच पाहावी. गोठलेल्या पात्रावर माणसे चालताना दिसली तरी आपण उतरू नये.

शेवंती_क्विन्सी यांचे उत्तर :

वहिनींच्या साडीविषयी लिहिते. माझी आईही साडीच नेसते आणि घरात ती बिनधास्त नेसावी, कारण येथील घरे चांगली उबदार असतात. बाहेर मात्र निऱ्यांचा घेर आणि काठ मीठ मिसळलेल्या राड्यात भिजतो, पायांत अडकतो आणि वाळला की त्यावर पांढरे डाग उमटतात. आईने सुरुवातीला नाही म्हटले. मग थर्मलवर जाड सलवार आणि वरून लांब जाकीट, असे तिचे तिनेच ठरवले. संग्रहालयात जाकीट जमा करता येते, त्यामुळे आतला कुडता चांगला असला की तिला संकोच वाटत नसे.

पडण्याविषयी 'चार्ल्सकाठ' यांनी लिहिले आहे ते कृपया मनावर घ्या. आमच्या भाड्याच्या घराच्या पायऱ्यांवर मीठ टाकण्याचे काम घरमालकाचे होते. एका सकाळी ते झाले नाही आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला गेलेली आई तिसऱ्या पायरीवरून घसरली. मनगट मोडले आणि उरलेली सुट्टी प्लास्टरमध्ये गेली. आता मिठाची बादली मी स्वतः दाराशी ठेवते. बुटांवर ओढून बसवायचे दातेरी रबरी पट्टे मिळतात, ते घ्या. पण दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ते काढावे लागतात. चालताना पावले लहान टाका आणि हात खिशात घालू नका, म्हणजे तोल सावरता येतो. येण्यापूर्वी प्रवासी आरोग्य विमा घ्या आणि त्यात जुन्या आजारांविषयीची अट काय आहे ते नीट वाचा. घरातील हवा हीटरमुळे फार कोरडी होते. नाक सुकून रक्त आले तर घाबरू नका. नाकपुडीला आतून व्हॅसलीन लावावे आणि तहान नसली तरी पाणी प्यावे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे डिसेंबर १८८७ मध्ये याच बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत शारदा सदन उभे राहिले ते त्या मदतीवर. थंडीत बसथांब्यावर उभी असताना मला त्या दोघींची फार आठवण येते.

माहुलीकाठ :

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. पत्नीने सलवारीला संमती दिली आहे. एकच काळजी उरली आहे : नेमक्या बाळंतपणाच्या दिवशी वादळ आले तर काय करावे?

चार्ल्सकाठ :

वादळाचा अंदाज बहुधा दोन-तीन दिवस आधी येतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात येथे सुमारे ६९ सेंटिमीटर बर्फ पडला आणि शहर कित्येक दिवस ठप्प झाले. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तर एकूण सुमारे २८० सेंटिमीटर पडला आणि काही दिवस रेल्वेही बंद होती. एरवी मोठे रस्ते रात्रभर खरडले जातात. अंदाज येताच मुलीने डॉक्टरांना फोन करून कधी निघायचे ते विचारावे आणि कळा सुरू झाल्यावर रस्ता बंद दिसला तर ९११ ला फोन करावा. गाडी गावाच्या नियमाप्रमाणे परवानगी असलेल्या बाजूलाच लावून ठेवा आणि तिच्यात फावडे, वाळूची पिशवी व घोंगडी असू द्या. जावयांना एक गोष्ट आठवणीने सांगा : बर्फात बुडालेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्यापूर्वी मागचा धुराचा नळ पूर्ण मोकळा करावा. तो बुजलेला असेल तर विषारी वायू गाडीत भरतो, त्याला वास नसतो, आणि ऊब मिळावी म्हणून आधीच आत बसलेल्यांना ते कळत नाही. मुलीला गाडीत बसवायचे ते गाडी उकरून झाल्यावर, नळ पाहून झाल्यावरच.