मदत हवी आहे : भावाला संस्थेतून काढू की ठेवू? (बेळगाव परिसर)

दुसरं_गेट | शनिवार, रात्री ११.४०
बेळगावच्या जवळपास मोठ्या मतिमंद मुलांसाठी चांगली निवासी संस्था कुठली? अनुभव असलेल्यांनीच सांगा, गूगल मीही करते. भाऊ चार महिने एका ठिकाणी आहे. वजन ६१ वरून ५३. गेल्या रविवारी भेटायला गेले तर अंगात दुसऱ्याचाच शर्ट, कॉलरच्या आत मार्करनं ३१ लिहिलेलं. आमचा नंबर १७. पंगतीत बसल्या बसल्या पेंगत होता. वॉर्डन म्हणतात सेट व्हायला वेळ लागतो. १० तारखेला पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरायचेत, त्याआधी ठरवायचंय. लवकर सांगा.

अनगोळकर | रात्री ११.५२
संस्थेचं नाव टाका. लोकांना कळू दे की.

दुसरं_गेट | रात्री ११.५५
नाव नको. भाऊ अजून तिथंच आहे.

निपाणीवाली | रविवार, सकाळी ७.१०
ताई, ‘मुलांसाठी’ म्हणता, पण वय किती? डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, की आणखी काही? फिट्स येतात का? गोळ्या कुठल्या? संस्था कुठल्या बाजूला? माझी नणंद अशीच आहे, ४१ वर्षांची, म्हणून विचारतेय. एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दुसरं_गेट | सकाळी ७.३५
३६. डाऊन. फिट्स नाहीत. संस्था गोकाकच्या पुढं. थायरॉइडची गोळी पहिल्यापासून आहे. आई गेली जानेवारीत, तोवर घरीच होता.

जुना_मास्तर | सकाळी ८.०२
राग मानू नका, पण सख्खी बहीण असताना भाऊ संस्थेत? आमच्या येळ्ळूरला असा एक मुलगा होता, पन्नास वर्षं गावानं सांभाळला. सकाळी एका घरी चहा, दुपारी दुसऱ्या घरी भाकरी. वेड्यासारखी संस्था शोधण्यापेक्षा घरी आणा.

निपाणीवाली | सकाळी ८.१५
मास्तर, त्याला रात्री दोन वाजता धुवून कोण काढत होतं तेही सांगा. गावानं की त्याच्या आईनं?

मिरजकर | सकाळी ९.२०
सरळ महाराष्ट्रात आणा. कोल्हापूर, सांगली, मिरज इकडं संस्था जास्त, आणि माणसं आपली भाषा बोलणारी.

अनगोळकर | सकाळी ९.२६
आणा म्हणे! माझ्या मावसभावासाठी गेलो होतो तिकडं. पहिला प्रश्न, रहिवासी दाखला महाराष्ट्राचा आहे का? सभेत बेळगाव आपलं, आणि फॉर्म भरताना आम्ही परराज्यातले. १९५६ पासून

धागा_राखणदार | सकाळी ९.४०
सीमाप्रश्नाचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथं ताईंच्या भावाबद्दलच लिहा.

औषधवाला | सकाळी १०.०५
दुकानात रोज अशा चिठ्ठ्या येतात म्हणून विचारतो. संस्थेत गेल्यावर नवीन गोळी सुरू झाली का? रात्रीची? आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी देतात की चहाबरोबर? चहा-नाष्ट्याबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही.

दुसरं_गेट | सकाळी १०.४८
हो, एक सुरू केलीय. दंगा करतो म्हणाले. फोटो काढला होता, आत्ता बघितलं, रिस्पेरिडोन आहे. माझा भाऊ दंगा करणाऱ्यातला नाही हो. आयुष्यात कुणाला चापट मारली नाही त्यानं. थायरॉइडची कधी देतात माहीत नाही.

औषधवाला | सकाळी ११.००
रिस्पेरिडोन म्हणजे मानसोपचारातली, दंगा शमवायला देतात ती गोळी. पेंग त्यानं येऊ शकते. पण एक लक्षात घ्या, त्या गोळीनं बहुतेकांची भूक वाढते, वजन वाढतं. तुमच्या भावाचं आठ किलो उतरलंय. म्हणजे अन्नच पोटात जात नसेल, नाहीतर आतलं दुसरं काही दुखणं असेल. दोन्ही तपासायला हवं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. कुठल्या डॉक्टरनं, कुठल्या तारखेला, कशासाठी लिहिली ते मागा. थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. धारवाडला डिमहान्स म्हणून मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं दाखवता येईल.

ब्राह्मी_घृत | सकाळी ११.१२
या सगळ्याला ॲलोपॅथी जबाबदार. गाईच्या तुपातून ब्राह्मी, रोज सकाळी नाकात दोन थेंब. माझ्या पुतण्याची दहावी निघाली.

औषधवाला | सकाळी ११.१४
पुतण्याला डाऊन आहे का?

ब्राह्मी_घृत | सकाळी ११.३०
नाही, तो आळशी होता.

घटप्रभा_पूल | दुपारी १.१५
मी दोन वर्ष अशा एका होस्टेलात आया-मामाचं काम केलोय. मराठी थोडी इकडची तिकडची आहे, चालवून घ्या. रात्री ३८ जणांना आम्ही दोघं. त्यात एकाला फिट आली की उरलेल्या ३७ ला एकच. शर्ट बदलतात ते वाईट मनानं नव्हे अक्का, धुणं एकत्र असतंय, सकाळी हाताला येईल ते घालायचं. पण एवढ्यावरनं कळतंय की मामा त्याला नावानं ओळखत नाही.
आता विचारतो. रात्रीला कडक भाकरी देतात काय? तुमच्या भावाचे दात कसे?

दुसरं_गेट | दुपारी १.४०
दात पुढचे चारच आहेत, दाढा हलतात. आई भाकरी दुधात कुस्करून भरवायची. हे मी तिथं सांगितलं नव्हतं. फॉर्ममध्ये दाताचा रकानाच नव्हता.

घटप्रभा_पूल | दुपारी १.५२
मग रोट्टी तो शेजारच्याला देतोय. आमच्यात एक असाच होता, ताट रिकामं दिसायचं म्हणून सगळे खूश. कळवून रविवारी जाऊ नका. रविवारी फरशी फिनाईलनं पुसलेली असते. मधल्या वारी जेवणाच्या टायमाला जावा. आधी संडास बघा, कडी आतून आहे की बाहेरून. झोपायची खोली बघा.

निपाणीवाली | दुपारी २.२०
आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही, आणि ते प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावावं लागतं. मुदत वाचा. कुणी हात उचलत असेल तर कलम ७ खाली तहसीलदारांकडं कुणीही सांगू शकतं, नातेवाईकच पाहिजे असं नाही.
दुसरं म्हणजे, तुम्ही त्याच्या पालक आहात का? कागदावर?

दुसरं_गेट | दुपारी २.३१
बहीण आहे ना मी.

निपाणीवाली | दुपारी २.४५
अठरा ओलांडल्यावर बहीण असून भागत नाही, आपोआप कुणीच पालक होत नाही. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. बेळगावला डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, अर्ज करा. फॉर्म कन्नडमध्ये हातात दिला तर कुणाकडून तरी भरून घ्या, भांडत बसू नका. उद्या संस्था म्हणेल तुम्ही कोण विचारणार, तेव्हा हा कागद लागतो.

पेन्शनर_काका | दुपारी ४.०५
एक महत्त्वाचा मुद्दा सगळे विसरले. वडील कुठं नोकरीला होते? पेन्शनीत असतील तर कायम अपंग मुलाला वयाची अट न लावता पेन्शन मिळते. ईपीएस ९५ मध्येही, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेतही, आहे. नाव लावलंय का?

दुसरं_गेट | दुपारी ४.३०
काका, पैशाचं नाही विचारलं मी. बाबा परिवहनमध्ये ड्रायव्हर होते, बेळगाव डेपोला. भावाला बसचं वेड, पहिल्यापासून. शू-संडासला लागली की ‘गाडी आली’ म्हणतो, बाबांनीच लावलेली सवय, कारण गाडी यायच्या आत जाऊन यायचं असं त्याला शिकवलं होतं.

निपाणीवाली | दुपारी ४.३३
हे संस्थेत माहीत आहे का?

निपाणीवाली | सायंकाळी ६.१०
ताई?

दुसरं_गेट | रात्री ९.५०
नाही.

घटप्रभा_पूल | रात्री १०.०५
अक्का, तिथं मराठी कुणाला येते काय? गोकाकच्या पुढं म्हणजे सगळं कन्नड. त्याला कन्नड?

दुसरं_गेट | रात्री १०.१२
त्याला ‘बा’ (ये) आणि ‘ऊटा’ (जेवण) एवढंच. मराठीतसुद्धा पन्नास-साठ शब्द असतील. मंगळवारी जाते. कळवणार नाही त्यांना.

दुसरं_गेट | मंगळवार, रात्री १०.२०
जाऊन आले. शेजारच्या काकूंकडून कन्नडमध्ये सगळं लिहून नेलं होतं, दात, गोळी, सगळं. पावणेबाराला पोचले. वॉर्डन चिडले, पण आत सोडलं. प्रमाणपत्र ऑफिसात काचेत आहे, मुदत संपून सात महिने झालेत, म्हणे रिन्यूअलला टाकलंय. औषधाच्या वहीत रिस्पेरिडोनपुढं डॉक्टरची सही आहे, तारीख नाही. कारण लिहिलंय ‘गेटजवळ दंगा’. थायरॉइडची गोळी नाष्ट्यानंतर देतात. संडासाच्या कड्या आतून आहेत, स्वच्छ म्हणण्यासारखे नाहीत. त्याच्या पाठीवर, हातावर काही नाही, मी शर्ट काढून बघितलं.

स्वयंपाकाच्या बाईंना कागद वाचून दाखवला. ‘गाडी आली’ वर त्या थांबल्या. गाडी शब्द कन्नडमध्येही तोच ना. त्यांना वाटायचं बहिणीची गाडी येणार म्हणतोय. म्हणून तो ‘गाडी आली’ म्हणाला की त्याला गेटापाशी नेऊन बाकड्यावर बसवायचे. बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून. तिथं त्याचं कपड्यात व्हायचं, मग मामा ओरडायचा, मग हा रडून गेटाला डोकं आपटायचा.

बाईंनी आज भाकरी आमटीत भिजवून दिली. दोन खाल्ल्या.

काढायचा की ठेवायचा अजून ठरत नाही. तीन महिन्यांचे पैसे नाही भरले, एकाच महिन्याचे भरले. शुक्रवारी त्याला धारवाडला नेते. डीसी ऑफिसात अर्ज टाकतेय. इथून जवळ, मराठी समजणारी जागा कुणाला माहीत असेल तर अजूनही सांगा, पहिला प्रश्न तोच होता.

घटप्रभा_पूल | रात्री १०.४१
मामाला भेटलासा काय? त्याला पण सांगा. बाई रात्री नसतात.

दुसरं_गेट | रात्री १०.४४
ड्युटी बदलली होती. दुसराच होता.

पेन्शनर_काका | रात्री ११.०२
परिवहन म्हणजे ईपीएफ असणार. वडिलांच्या पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर शोधून ठेवा.