पेन ड्राइव्हमधे सगळे शॉर्टकटच दिसालेत (अपार्टमेंटच्या ग्रुपवरचं बोलणं)

बी-२०४ : कुणाला कंप्युटरचं कळतंय काय ओ? पोरगीनं प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढायला कॉलेजजवळच्या झेरॉक्समधे पेन ड्राइव्ह दिलता, घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरचे नुसते शॉर्टकट दिसालेत, एकेक केबीचे. शुक्रवारी व्हीटीयूची (युनिव्हर्सिटीची) व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा हाय आणि रिपोर्ट त्यातच हाय

ए-१०२ : फॉर्मॅट मारा वैनी, व्हायरस जातंय

सी-३०१ : फॉर्मॅट अजिबात मारू नका, सगळं पुसून जातंय!! वैनी, फाइली कुठं गेल्या नाहीत, त्यातच हायत. हा व्हायरस खरे फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं करतो, आपण फोल्डर म्हणून डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतंय आणि फोल्डर पण उघडतंय, म्हणून कळत नाही. शॉर्टकटवर क्लिक केलाय काय घरच्या पीसीत?

बी-२०४ : केलंय की, दोन-तीनदा

सी-३०१ : मग आधी पीसी साफ करायचा, नाहीतर पेन ड्राइव्ह कितीबी साफ करा, परत लावला की परत शॉर्टकट. पेन ड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स, सगळ्यात खाली ऑफलाइन स्कॅन हाय ते चालवा. मशीन रीस्टार्ट होतंय, पंधरा मिनिटं तरी लागतात, मधे बंद करू नका. नंतर फुल स्कॅन. मग पेन ड्राइव्ह लावा, खरं उघडू नका, धिस पीसीमधे त्याच्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा. ते झालं की व्ह्यूमधे हिडन आयटम्स टिक करा, फोल्डर फिकट दिसतील, रिपोर्ट दुसरीकडं कॉपी करून घ्या. तरी दिसले नाहीत तर मला सांगा, अ‍ॅट्रिबची कमांड (लपवलेले फोल्डर परत दाखवायची) मारावी लागते, संध्याकाळी येऊन करून देतो

ए-१०२ : नुसतं पेन ड्राइव्ह लावलं तरी व्हायरस येतंय म्हणतात ते खरं काय मग

सी-३०१ : काका, जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात तसंच होतं, ऑटोरनमुळं लावल्या लावल्या चालू व्हायचं. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं, एक्सपी-व्हिस्टाला २०११ च्या फेब्रुवारीत अपडेट दिलं. आपोआप चालू होईना म्हटल्यावर आता आपल्याकडूनच क्लिक करून घेतात, शॉर्टकट त्यासाठीच. खरं अपडेट बंद ठेवलेल्या मशीनवर भरवसा नको, २०१० मधे स्टक्सनेट नावाचं व्हायरस सापडलं ते नुसतं फोल्डर उघडून आयकॉन दिसला तरी शिरायचं, त्याची दुरुस्ती अपडेटमधनंच आली

बी-२०१ : आमचं तर विंडोज १० हाय, मशीन जुनं हाय, ११ घेईना झालंय

सी-३०१ : १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या मशीनला एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट हाय, सेटिंग्जमधे अपडेटच्या पानावर एनरोलचं (नाव नोंदवायचं) बटण दिसतंय काय बघा, मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर पोरं टाकतात ना, ती टाकताना अँटीव्हायरस बंद करा म्हणून लिहिलेलं असतं, तिथंच घात होतोय. तेवढं घरात स्पष्ट सांगून ठेवा

डी-१०३ : झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर बरं नव्हे?

सी-३०१ : पेन ड्राइव्हपुरतं बरं आक्का. खरं आधार, उतारा, पासबुक त्यांच्या मशीनवर राहतंय, समोर उभं राहून डिलीट करायला लावायचं, रिसायकल बिनमधनं पण. प्रिंटसाठी एक रिकामा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ, दुसरं काय नको

ए-४०२ : माझ्या दुकानाचा सगळा हिशेब टॅलीत हाय, बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज होतंय, मला काळजी नाही मग

सी-३०१ : दादा ती हार्ड डिस्क लावलेलीच असते काय कायम?

ए-४०२ : होय, काढायला कुठं वेळ असतोय

सी-३०१ : दादा मग तो बॅकअप धरू नका हो. रॅन्समवेअर आलं तर जे जे लावलेलं दिसतंय ते सगळं लॉक करतंय, सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, ती हार्ड डिस्क पण, आणि पैसे मागतंय. पैसे देऊनबी फाइली मिळतील याची खात्री नाही. वॉनाक्राय नावाचं असलंच रॅन्समवेअर आलतं २०१७ च्या मे मधे, त्याचं अपडेट मार्चमधेच आलतं, ज्यांनी टाकलं नव्हतं तेच अडकले. एवढी वर्षांची उधारी, जीएसटी, कारिगरांचे पगार, सगळं एका मशीनवर ठेवून कसं चालेल? दोन हार्ड डिस्क करा, आलटून पालटून, एक दुकानात एक घरी. बॅकअप झाला की इजेक्ट करून वायर काढायची. महिन्यातनं एकदा त्यातली एखादी कंपनी (टॅलीतलं एक हिशेबाचं खातं) दुसऱ्या कंप्युटरवर रिस्टोअर करून उघडतीय काय ते पण बघा, बरेच जण बॅकअप घेतात आणि तो उघडतोय काय हे बघतच नाहीत

ए-४०२ : आज दुकान बंद करताना काढतो. दुसरी किती जीबीची घेऊ?

सी-३०१ : टॅलीला जास्त लागत नाही, घरचे फोटो पण ठेवणार असाल तर १ टीबी घ्या. बिल आणि वॉरंटी असलेलीच घ्या, स्वस्तात साइझ खोटी दाखवणाऱ्या मिळतात, त्यात भरलेलं नंतर उघडत नाही