मदत हवी आहे: लेव्हल वाढवली की रेझोनन्स खाली सरकतोय

थरथर: शेकरवर (वस्तू हलवून कंपन तपासायचं यंत्र) कमी लेव्हलला, म्हणजे कमी जोराने हलवताना, पहिला रेझोनन्स (जिथे वस्तू सर्वात जास्त थरथरते ती फ्रिक्वेन्सी) १२४ हर्ट्झला, लेव्हल वाढवली की ११७ ला. आलेखातला पीक बुटका आणि पसरट होतो. सेन्सर, केबल बदलून पाहिले, तेच. उद्या रिपोर्ट द्यायचाय. कोणता आकडा लिहू?

सरळरेषा: वस्तू काय आहे? स्वीप (फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवत) की रँडम (सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम)? कशावर बांधलीय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

थरथर: ब्रॅकेट. साइन स्वीप, खालून वर.

नटबोल्ट: बोल्टने जोडलाय ना? मग जोडच. लेव्हल वाढली की जोडातले पृष्ठभाग किंचित घसरतात. स्टिफनेस (ताठपणा) कमी होतो, घर्षणात ऊर्जा जाते, म्हणून फ्रिक्वेन्सी खाली आणि डँपिंग (कंपन विरवणं) वर. टॉर्क रेंचने बोल्ट आवळा आणि परत स्वीप घ्या.

हातोडी: एवढा खटाटोप कशाला? इम्पॅक्ट हॅमरचे (जोर मोजणारी हातोडी) चार टोले मारा, एफआरएफ (दिलेल्या जोराला वस्तू किती हलते त्याचा फ्रिक्वेन्सीनुसार आलेख) तयार.

सरळरेषा: हॅमर नकोच. दर टोल्याचा जोर वेगळा, सरासरीत नेमकं हवं तेच पुसलं जातं. रँडमचंही तसंच, कर्व्ह छान गुळगुळीत येतो आणि माणूस फसतो.

हातोडी: सरासरी काढायला कोण सांगतंय? एक जोरदार टोला, मग कंपन विरत जाताना हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म (सिग्नलची क्षणाक्षणाची अँप्लिट्यूड आणि फ्रिक्वेन्सी काढणारं गणित) लावा. अँप्लिट्यूडनुसार फ्रिक्वेन्सी कशी बदलते ते थेट दिसतं.

सरळरेषा: एकच मोड (स्वतःची फ्रिक्वेन्सी असलेला कंपनाचा एक प्रकार) फिल्टर करून घेतला तर मान्य. मोड जवळजवळ असतील तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

गुळगुळीत: खाली रबर माउंट लावा. आमच्या पंपाचं कंपन त्यानेच गेलं.

नटबोल्ट: कंपन घालवायचं नाहीये, ओळखायचंय.

सरळरेषा: थरथर, वरून खाली स्वीप घ्या, तोही सावकाश. घाईच्या स्वीपमध्ये पीक स्वीपच्या दिशेने सरकतो. दोन्हीकडे उडी (कंपन अचानक वाढणं किंवा पडणं) वेगवेगळ्या जागी आली तर डफिंगसारखं वागणं, म्हणजे जर्मन इंजिनिअर डफिंगने १९१८ मध्ये मांडलेलं, स्प्रिंगचा ताठपणाच अँप्लिट्यूडनुसार बदलतो तसं. शिवाय वस्तूच्या कंपनात, दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटला रेघ दिसते का बघा; दिसली तर वागणं सरळरेषेतलं नाही. फोर्सचा सिग्नलही तपासा, रेझोनन्सजवळ शेकर स्वतःच बिघडलेला साइन देतो, मग ती रेघ त्याचीच असू शकते.

थरथर: दोन्ही दिशांना ११७ च, उडी नाही. तिप्पटला रेघ आहे, फोर्समध्ये नाही.

नटबोल्ट: म्हणजे घर्षणच. टॉर्क किती आहे?

सरळरेषा: मग रिपोर्टमध्ये लेव्हलनुसार फ्रिक्वेन्सी आणि डँपिंगचा तक्ता द्या.

थरथर: फॉर्ममध्ये एकच रकाना आहे.

सरळरेषा: वापरात जेवढं कंपन येणार, त्या लेव्हलचा आकडा भरा. लेव्हल त्याच रकान्यात लिहा.